‘सगळं ओरिजिनल आहे, काही बदललेलं नाही!’

तुमच्या मोबाइलमध्ये सध्या एका गाडीचा फोटो सेव्ह असेल, तर हे वाचा. गाडी स्कूटरच, पण नेहमीची नाही. पुढे रुंद काच, पाय लांब करता येतील अशी जागा, सोफ्यासारखी सीट आणि बाइकला शोभेल असं जाडजूड मागचं टायर. घरी सांगताना ‘अगं आई, स्कूटरच आहे’ आणि कट्ट्यावर सांगताना ‘एकशे साठ सीसी आहे’ असं म्हणता येतं, हा या गाडीचा पहिला फायदा. दुसरा म्हणजे डिकी. शनिवारी पहाटे बॅग आत टाकायची आणि कोकणाच्या दिशेने निघायचं, हे चित्र त्या फोटोमागे असतंच.

माझ्याही मोबाइलमध्ये असाच एक फोटो होता. थर्ड इयरला असताना शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे, त्यात बाबांनी घातलेली भर, अशी जुळवाजुळव करून मी तशी एक गाडी सेकंड हँड घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात दोष कंपनीचा नव्हता. मीटरवर २६ हजार किलोमीटर. विकणारा मुलगा अगदी सज्जन. गाडी पुसून चकाचक. ‘सगळं ओरिजिनल आहे, काही म्हणजे काही बदललेलं नाही,’ असं त्याने मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मी खूश झाले.

महिनाभरात मी आणि माझी रूममेट डबल सीट दिवेआगरला निघालो. पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, सगळं मजेत पार पडलं. घाट उतरून विळे मागे टाकलं, निजामपूरच्या दिशेने निघालो आणि खालून ‘फट्’ असा आवाज आला. इंजिन चालू होतं. रेस केली की गुरगुरत होतं. पण गाडी जागची हलत नव्हती. आम्ही दोघी उन्हात उभ्या. अर्ध्या तासाने एक छोटा हत्ती थांबला. ड्रायव्हरकाकांनी गाडीकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, ‘काय ताई, बेल्ट गेला वाटतं?’

बेल्टच गेला होता. माणगावच्या गॅरेजमध्ये कव्हर उघडलं, तर आत रबराच्या चिंध्या. मेकॅनिकदादा म्हणाले, ‘ॲक्टिव्हाचा हवा तर आत्ता देतो. हिचा इथे नाय मिळायचा, पुण्याहून आणा.’ गाडी त्यांच्या शेडमध्ये ठेवून आम्ही एसटीने परत आलो. पुण्यात बेल्ट शोधायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तो सॅकमध्ये घालून मी पुन्हा एसटीने माणगावला. टेम्पो आणि एसटीला जेवढे पैसे गेले, तेवढ्यात दोन बेल्ट आले असते.

तेव्हापासून मला कुणी ‘मोठी स्कूटर घेऊ का?’ असं विचारलं की मी सीसी, पिकअप, डिस्प्ले यावर बोलतच नाही. आधी बेल्टवर बोलते. तुमच्याशीही तिथूनच सुरुवात करते.

पट्टा काय करतो?

गिअर बदलावा न लागणाऱ्या स्कूटरमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत कशी पोहोचते? इंजिनाकडे एक पुली, चाकाकडे दुसरी आणि दोघींमध्ये रबराचा दातेरी पट्टा. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर बसवलेल्या दोन उतरत्या तबकड्या. पुढच्या पुलीत छोटे रोलर असतात. इंजिन जोरात फिरू लागलं की ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात, तबकड्या जवळ येतात आणि त्यांच्यामधला पट्टा वर सरकतो. मागच्या पुलीत याच्या उलट होतं, पट्टा आत उतरतो. गिअरच्या सायकलवर पुढे मोठी चकती आणि मागे छोटी लावली की जे होतं, तेच इथे न अडखळता आपोआप होतं. चाकाकडे एक क्लचही असतो. इंजिनाचा वेग ठराविक आकड्यापर्यंत चढला की तो पकडतो, वेग उतरला की सोडतो.

म्हणजे इंजिन कितीही दमदार असो, त्याची सगळी ताकद त्या एका रबरी पट्ट्यातून जाते. त्यावर दोघांचं वजन, भरलेली डिकी, घाटाचा चढ आणि मे महिन्याची हवा. पट्टा झिजतो, बारीक होतो, त्याला भेगा पडतात आणि हे सगळं कव्हरच्या आत होत असल्यामुळे आपल्याला काहीच दिसत नाही. बाइकची चेन निदान खडखड करून सांगते. पट्टा बहुतेक वेळा शेवटपर्यंत गप्प राहतो. म्हणून तो कधी बदलायचा याचा आकडा कंपनीच्या पुस्तकात छापलेला असतो. बऱ्याच स्कूटरचा तो वीस ते चोवीस हजार किलोमीटरच्या आसपास असतो. माझ्या गाडीचं २६ हजारांचं ‘ओरिजिनल’ म्हणजे काय होतं, ते आता लक्षात आलं असेल.

आपल्याकडे ‘मोठी’ म्हणजे किती मोठी?

युरोपात आणि जपानमध्ये मोठ्या स्कूटरचा वेगळाच संसार आहे. होंडाने १९८६ मध्ये २५० सीसीची हेलिक्स आणली, यामाहाची पाचशे सीसीची टीमॅक्स २००१ ची आणि सुझुकीची दोन सिलिंडरची बर्गमन ६५० त्याच्या पुढच्या वर्षीची. आपल्याकडे २०१८ मध्ये जी बर्गमन स्ट्रीट आली तिच्यात नाव आणि थाट तिकडचा असला, तरी इंजिन सव्वाशे सीसीचंच आहे. यात फसवणूक काही नाही, पण फोटो पाहून गैरसमज मात्र होतो.

खरी मोठी हवी तर बीएमडब्ल्यूची सी ४०० जीटी आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती इथे आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार होती. होंडाची ७४५ सीसीची एक्स-एडीव्ही त्याहून महाग. या दोन्ही गाड्या आपण शोरूमच्या काचेबाहेरून बघायच्या आणि पुढे जायचं. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर त्यापुढच्या गाड्यांवर तो थेट ४० टक्के झाला.

कॉलेजच्या पोरापोरींच्या (आणि त्यांच्या बाबांच्या) आवाक्यातला प्रकार आहे तो १५५-१६० सीसीचा. त्यात यामाहाची एरॉक्स १५५, एप्रिलियाची एसएक्सआर १६० आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेली हिरोची झूम १६०. एसएक्सआर आपल्या बारामतीच्या पियाजिओ कारखान्यात तयार होणारी, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची आणि बारा इंची चाकांची. एरॉक्सचं इंजिन कूलंटवर थंड होतं, ताकद १५ पीएस आणि चाकं चौदा इंची. खड्ड्यात चाक मोठं असणं किती बरं, हे मुंबई-गोवा महामार्गावर गेलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

यातली सगळ्यात चांगली कोणती? याचं उत्तर मी देणार नाही, कारण ते तुमच्या गावावर अवलंबून आहे. तुमच्या शहरात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बघा. तिथे ग्राहक म्हणून जा आणि पार्टच्या काउंटरवर विचारा: ‘या गाडीचा बेल्ट, रोलर सेट आणि पुढचे ब्रेक पॅड आहेत का? नसतील तर किती दिवसांत येतील?’ उत्तर ‘आहेत’ असं आलं तर गाडी तुमच्या यादीत राहील. ‘मागवावे लागतील, बघू’ असं आलं, तर तिचं टायर कितीही जाड असो, मी पुढची गाडी बघेन.

हा निव्वळ माझा विक्षिप्तपणा नाही. पुण्याच्या कायनेटिकने २००६ च्या सुमारास १६५ सीसीची ब्लेझ काढली होती. इटलीच्या इटालजेटचं डिझाइन, काळाच्या बरीच पुढची गाडी. २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला आणि पुढे ब्लेझ दिसेनाशी झाली. आजही एखादी रस्त्यावर दिसली की मला पहिला प्रश्न हाच पडतो: हा माणूस पार्ट कुठून आणत असेल?

शोरूममध्ये न सांगितलेला हिशोब

सेल्समन एक्स-शोरूम किंमत सांगतो. तुम्ही ऑन-रोड विचारा आणि त्यातली इन्शुरन्सची ओळ नीट वाचा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या गाडीसाठी तो ३,८५१ रुपये आहे. १५० च्या वर गेलात की ७,३६५, त्यावर कर वेगळा. म्हणजे १२५ ऐवजी १५५ घेतली की पहिल्याच दिवशी जवळपास दुप्पट. सेकंड हँडवाल्यांनाही सूट नाही. त्याच दरपत्रकात वर्षाचा थर्ड पार्टी प्रीमियम ७१४ वरून १,३६६ वर जातो. रक्कम प्रचंड नाही, पण पॉकेटमनीत बसवायची असेल तर आधी माहीत असलेली बरी.

मग पेट्रोल. एरॉक्सची टाकी साडेपाच लिटरची आहे. चाळीसचं ॲव्हरेज धरलं तरी फुल टाकीत दोनशे वीस किलोमीटर, आणि काटा तळाला जायच्या आत पंप गाठायचा म्हणजे हातात राहतात पावणेदोनशे. एसएक्सआरची टाकी सात लिटरची. टूरिंगच्या गाडीला टाकी छोटी, हे मला आजही न पटलेलं गणित आहे, पण डिकीला जागा द्यायची तर कुठेतरी कमी करावं लागतंच. घाटरस्त्याला लागण्याआधी, पिरंगुटसारख्या शेवटच्या मोठ्या गावातच टाकी फुल करून घ्या.

मुलींसाठी एक खास सूचना. खरं तर कमी उंचीच्या सगळ्यांसाठीच. एरॉक्सची सीट ७९० मिलिमीटर उंच आणि वजन सव्वाशे किलोच्या घरात. चालत्या गाडीत हे जाणवत नाही. जाणवतं ते पार्किंगमधून गाडी मागे घेताना. ट्रायल घ्याल तेव्हा चालवण्याआधी ती स्वतः मेन स्टँडवर लावून बघा, काढून बघा आणि उतारावर ढकलून बघा. सेल्समन ‘मी लावतो मॅडम’ म्हणेल. त्याला थांबायला सांगा, रोज तो येणार नाही.

सेकंड हँड घेताना आरसीवरचं कर्जाचं नाव उतरलंय का, इ-चलान थकलेत का, हे परिवहनच्या साइटवर स्वतः तपासा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८, म्हणजे एनओसी, लागेलच. आणि ‘काही बदललेलं नाही’ असं कुणी सांगितलं तर मनातल्या मनात बेल्ट, रोलर, टायर आणि ब्रेक पॅडचे पैसे किमतीतून वजा करा. ज्याच्याकडे बेल्ट बदलल्याचं बिल आहे, त्याची गाडी थोडी महाग असली तरी मी ती घेईन.

घाट, पाऊस आणि रविवारची सकाळ

आता देखभाल. इंजिन ऑइल वेळेवर बदलायचं हे सगळ्यांना माहीत असतं. स्कूटरच्या ऑइलच्या डब्यावर बहुधा ‘जासो एमबी’ लिहिलेलं असतं, बाइकच्या ‘एमए’. उरलेलं स्कूटरचं ऑइल भावाच्या बाइकमध्ये ओतू नका, तिचा क्लच ऑइलमध्येच फिरतो आणि तो घसरायला लागेल. स्कूटरमध्ये मागच्या चाकापाशी गिअर ऑइलची एक छोटीशी वेगळी टाकी असते. थोडंसंच ऑइल, अगदी किरकोळ खर्च, आणि म्हणूनच सर्व्हिसिंगमध्ये ते हमखास राहतं. जॉबकार्डवर लिहून घ्या. कूलंटची गाडी असेल तर पातळी इंजिन गार असताना बघा, आणि कमी वाटलं म्हणून नळाचं पाणी घालू नका.

दर सहा-सात हजारांनी बेल्टचं कव्हर उघडून आत बघायला सांगा. उघडतील तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहा. सुरुवातीला मेकॅनिकला आवडत नाही, नंतर तोच दाखवायला लागतो. पट्ट्याच्या दातांच्या मुळाशी भेगा आहेत का, कडा फसफसल्या आहेत का, रोलर एका बाजूने चपटे झालेत का, एवढंच पाहायचं. गाडी सुटताना थरथरते, आधीच्याच वेगाला इंजिन जास्त ओरडतं, चढावर दम लागतो, यातलं काहीही जाणवलं तर आकडा यायची वाट बघू नका.

गाडी कशी चालवता यावरही पट्ट्याचं आणि क्लचचं आयुष्य ठरतं. चढावर ट्रकच्या मागे अडकलात की अर्धवट थ्रॉटल धरून इंचाइंचाने सरकत राहू नका. क्लच धड पकडतही नाही, सोडतही नाही, नुसता तापतो. थोडं थांबा, अंतर पडू द्या, मग एकदमच निघा.

उतारावर उलटा धोका आहे, आणि तो जास्त गंभीर आहे. बाइकवाला दुसऱ्या गिअरवर टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी रोखतो. स्कूटरमध्ये थ्रॉटल पूर्ण सोडून वेग खूप कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावू लागते. मग सगळा भार ब्रेकवर. दोघं बसलेले, डिकी भरलेली, मागे ड्रम ब्रेक आणि समोर ताम्हिणीची उतरण. ब्रेक सतत दाबून ठेवला तर तापून ढिला पडतो. थोडा वेळ ठाम दाबा, सोडा, पुन्हा दाबा. अधूनमधून किंचित थ्रॉटल दिला की क्लच पुन्हा पकडतो आणि इंजिनही रोखायला मदत करतं. या गाड्यांना एबीएस असतं खरं, पण यातल्या बहुतेकींत ते पुढच्या चाकापुरतंच. ओल्या वळणावर मागचा ब्रेक करकचून दाबलात तर एबीएस वाचवायला येणार नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. रस्त्यावरच्या खोल पाण्यातून गाडी नेली आणि पट्ट्याच्या पेटीत पाणी शिरलं, तर पट्टा घसरतो. इंजिन ओरडतं, गाडी पुढे जात नाही. घाबरून रेस करू नका. बाजूला घ्या, पेटीखालच्या नळीचं बूच काढून पाणी जाऊ द्या आणि थोडं वाळू द्या. पाण्याचा अंदाज येत नसेल तर मात्र गाडी घालूच नका. चहा प्या.

टायरची हवा रविवारी सकाळी, गाडी गार असताना. एरॉक्सचं मागचं टायर १४०/७०-१४ आहे. हे माप गावातल्या टायरवाल्याकडे मिळेलच असं नाही. चेतकच्या जमान्यात आपले काका-आजोबा बायको आणि दोन पोरं घेऊन महाबळेश्वरला जायचे, तेव्हा स्कूटरला स्टेपनी असायची. चाक बदललं की निघाले. आजच्या गाड्यांना ती नाही. टायर ट्यूबलेस आहे तर पंक्चरचं किट आणि छोटा पंप डिकीत ठेवा आणि पट्टी कशी भरायची ते घरी एकदा करून बघा. आमच्याकडे किट होतं, वापरायचं कसं ते दोघींनाही माहीत नव्हतं. नशीब, पंक्चर नव्हतं.

आणि हो, गाडी कितीही मोठी घेतलीत तरी पुणे-मुंबई एक्स्प्रेस वे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर दुचाकीला प्रवेश नाही. बीएमडब्ल्यूलाही नाही. आपल्या वाट्याला जुना हायवे, घाट आणि गावांमधून जाणारे रस्ते येतात, आणि तिथे साठ-पासष्टच्या वर जायची गरजही पडत नाही. त्या वेगाला १२५ सुद्धा आरामात चालते. तुमचं रोजचं जाणं-येणं कॉलेज ते क्लास एवढंच असेल आणि दिवेआगर वर्षातून एकदाच, तर विम्याचे आणि टायरचे जादा पैसे वाचवून तीच घ्या असं मी सांगेन. दर महिन्याला दोघं मिळून घाट ओलांडणार असाल तर मात्र चढावर १५५ चा फरक कळतो. नक्की कळतो.

मी माझी गाडी विकली नाही. गेल्या महिन्यात नवा बेल्ट मुदतीआधीच बदलून घेतला आणि जुना, जो अजून धड होता, तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डिकीत रेनकोटखाली ठेवलाय. ती पुली सोडवायला लागणारी हत्यारं बहुतेक गॅरेजवाल्यांकडे असतात. नसतो तो बेल्ट. माणगावला त्या दादांनी काम पाऊण तासात संपवलं होतं. चार दिवस गेले ते त्याआधी.